बर्फातल्या माणसासाठी गाऱ्हाणं

हसायचं नाही, आधीच सांगतो. माझ्या फोनवर एक गेम होता. चित्रं नाहीत, नुसते मेसेज. बर्फात अडकलेला एक माणूस विचारतो, आता काय करू? आपण दोनातलं एक बटण दाबायचं. तो चालायला लागला की वाटेला जितके तास लागतील, तितके तास खरोखरच गप्प.

सकाळी मी त्याला गोठलेल्या तळ्यावरून पाठवला आणि आईला सहज सांगितलं. दुपार झाली तरी पत्ता नाही.

आईने विचारलं, "तो बर्फातला पोचला काय रे?"

"आई, गेम आहे तो."

"असूदे. तुझ्या शब्दावर गेलाय ना?"

आणि तिने चक्क देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, परमुलखातलो पोर माझ्या झिलाच्या शब्दावर बाहेर पडलाय. वाटेत काय इडापिडा असेल ती दूर कर रे म्हाराजा!"

मग माझ्याकडे बघत थांबली. गाऱ्हाण्याला कोणीतरी साथ द्यावीच लागते.

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. "पोचलो. मध्येच वाटलं, कोणीतरी सोबत चालतंय."

ते वाक्य आधीच लिहून ठेवलेलं असतं, हे मलाही कळतं. पण तो नारळ मी पुन्हा आंघोळ करून फोडला.