बहात्तर पिनांची पट्टी

(पेण, १९९७. मितेश नुकताच टेम्पोची खेप करून मुंबईहून आला आहे. त्याची बायको रोहिणी जुना लॅपटॉप पालथा घालून बसली आहे.)

रोहिणी : ही बसणार नाही.

मितेश : जरा जोर लाव ना गो.

रोहिणी : जोर लावून काय होणार? खाच तीन बोटांची, पट्टी चांगली दुप्पट. टेबलावरच्या कॉम्प्युटरची मेमरी आणलीत तुम्ही.

मितेश : बहात्तर पिनांची सांगितलीस, बहात्तर पिनांची आणली. मोज.

रोहिणी : लॅपटॉपची सांगितली होती. ती आखूड येते. म्हणून तर आतली जुनी पट्टी काढून दिली, दुकानात शेजारी धरून बघा म्हणून. दाखवलीत ना?

मितेश : दाखवली की. तो म्हणला, हीच चालंल.

रोहिणी : दोन्ही शेजारी ठेवून?

मितेश : व्हय. गर्दी होती तिथं. छोटीवाली एकच उरलेली त्याच्याकडं, मंग मी...

रोहिणी : छोटीवाली होती?

मितेश : आधी पाणी तरी दे. सकाळपासून उपाशी हाय मी.

रोहिणी : समोर होती, आणि तुम्ही ही उचललीत.

मितेश : पुढच्या खेपेला बदलून आणतो. विषय संपला.

रोहिणी : सोमवारी रोह्याच्या कंपनीत पुंडलिक साहेबांना टाकीचं ड्रॉइंग द्यायचंय. लग्नानंतरचं पहिलं काम. जुन्या मेमरीवर दोन रेघा मारल्या की मशीन गोठतं, रोज बघता तुम्ही. बरं, जुनी पट्टी द्या. निदान होतं तेवढं तरी चालू दे.

मितेश : ती दुकानातच राहिली.

रोहिणी : राहिली, की ठेवून आलात?

मितेश : एकच झालं ते.

रोहिणी : बोला.

मितेश : ठेवून आलो! काय करू मंग? कोलाडला तुझ्या त्या साहेबानं चारचौघांत विचारलं, ‘तुम्ही रोहिणीबाईंचे मिस्टर का?’ टेम्पो माझा, माल मी उतरवलेला. मला नाव नाय काय? आज एक ड्रॉइंग, उद्या धा. मंग म्हणशील, रोह्याला खोली बघा.

रोहिणी : मी कधी म्हटलं असं?

मितेश : म्हणशील.

रोहिणी : तुमच्या घरच्यांनी कंपनी सोड म्हटलं, सोडली. घरात बसून काय ते कर म्हणालात, म्हणून हा लॅपटॉप घेतला. आता ‘हेही नको’ असं तोंडावर सांगायचं होतं.

मितेश : सांगितलं असतं तर भांडली असतीस.

रोहिणी : भांडले असते. आणि कदाचित ऐकलंही असतं तुमचं.

मितेश : मंग आता ऐक.

रोहिणी : आता नाही. सकाळच्या एसटीने रोह्याला जाते. साहेबांच्या ऑफिसात बसून ड्रॉइंग पुरं करते.

मितेश : आणि रात्री?

रोहिणी : बाबांकडे.

मितेश : परत कधी येशील?

रोहिणी : माहीत नाही.

मितेश : असं नको गो करू. आईला काय सांगू मी?

रोहिणी : तुम्हाला सुचेल काहीतरी.