सोनगीरच्या किल्ल्यावरचा डबा

आमच्या रविवारच्या खेळाला तुम्ही हसता ना, मग सोनगीरचं ऐकाच. खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवतो आणि त्याची जागा मोबाईलवर टाकतो. आपण जाऊन शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा परत तिथंच ठेवायचा.

तर किल्ल्यावर आमच्या चौथीतल्या आलियानं दगडांच्या फटीत हात घातला आणि ओरडली, "अब्बू, मिळाला!"

तेवढ्यात मागून चारपाच जण आले. "तठे काय करी राहिना, भाऊ?"

"डबा शोधत होतो. हा बघा."

"कसला डबा? नाव काय तुमचं?"

"सलीम. जळगावचा."

झालं. सगळे झटकन मागं सरकले. "डबा खाली ठेव! हात लावू नको!" मी मोबाईल दाखवतोय, बायको हात जोडतेय आणि ते लांबून आमचं शूटिंग करताहेत.

शेवटी पोलीस आले. हवालदारानं जपून डबा उघडला. आत गोट्या, प्लास्टिकचा बेडूक आणि नावांचा कागद. तो कागद त्यानं वाचला. पुण्याचे, नाशिकचे कितीतरी लोक आमच्या आधी येऊन गेले होते. शूटिंगवाले मोबाईल खिशात घालून गड उतरायला लागले.

हवालदार ओशाळला. आलियाला पेन देत म्हणाला, "लिही बेटा, तुझं नाव."

तिनं लिहिलं. मी वाकून बघितलं, तर 'पूजा'.

गाडीत विचारलं, "पूजा कोण गं?"

"माझ्या वर्गातली," ती म्हणाली. "तिला कुणी काही विचारणार नाही."