सरगूरला आम्ही दुसऱ्यांदा का गेलो

काकू, आणि सरांच्या ओढीनं जमलेले तुम्ही सगळे... लिहून आणलं होतं, पण वाचवत नाही. तसंच बोलते.

श्रीपाद सरांच्या प्रयोगशाळेत मी आठ वर्षं आहे. आमचं काम काय? जुन्या तटाखालची माती आणायची आणि तिनं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते शोधायचं. वर तट चढला की खालच्या मातीचं ऊन बंद. तेच तटाचं वय. म्हणून ती माती अंधारात हाताळायची, फार तर मंद लाल दिव्यात. उजेड लागला की संपलं.

सरगूरजवळचा तो सीमेवरचा तट फार जुना आहे, असं सर वीस वर्षं सांगत होते. शेवटी तिथली माती आली. थाळीत उघडी पसरलेली. आणि मी आत शिरले ती सवयीनं ट्यूबलाइटच लावली. हो, मीच.

नोकरी अजून पक्की नव्हती. रडत सरांना म्हटलं, मला काढून टाका. तर म्हणाले, "अय्यो, होग्ली बिडम्मा! जाऊ दे गं. तट काय पळून जातोय? उद्या परत जाऊ." गुडघे दुखत होते हो त्यांचे! तरी स्वतः खड्ड्यात उतरले.

मग लोक काय म्हणाले, आठवतंय ना? म्हातारा हट्टी आहे, मनासारखं उत्तर येईना म्हणून परत खणतोय. याच हॉलमध्ये म्हणाले. सरांनी तेव्हा माझं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटले असते. नाही घेतलं. तट खूप अलीकडचा निघाला, तेव्हा भर सभेत उठून म्हणाले, "वीस वर्षं मी चुकीचं सांगत होतो." लोक हसले. सरही हसले.

मी कितीदा म्हटलं, सर, खरं सांगू द्या. "आधी तुझी नोकरी पक्की होऊ दे, मग बघू." नोकरी पक्की झाली आणि मग मलाच धीर होईना. आज सांगतेय. फार उशीर केला मी, सर.

सर हट्टानं गेले नव्हते. माझ्या चुकीपायी गेले होते. काकू, हे उपकार मला फेडायचे नाहीत, सगळ्यांना सांगत फिरायचंय.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. तेव्हा जे हसले, त्यांनीसुद्धा.