पाओलोकाकांबरोबर लिफ्टमध्ये

तुमी हसा खुशाल, पण त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवत न्हाय. आपल्या सोलापुरातच, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात त्या जुन्या फुटबॉल व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. मुंगीएवढे खेळाडू पळतात की, ती. सात देशांतली वेडी माणसं आली होती. माझी सेमीफायनल इटलीच्या पाओलोकाकांशी. साठीचे, जाडजूड, इंग्रजी जेमतेम. खेळायला आमी दोघं एकाच लिफ्टनं वर निघालो आणि मधेच लिफ्टची लाइट जाऊन ती अडकली.

गुडुप अंधार, त्यात मे महिना. काकांनी आधी दार बडवलं, मग मोबाइलच्या उजेडात बघते तर छाती धरून खाली बसलेले. मोबाइलला रेंज न्हाय. परदेशी पाहुणा हितंच गेला तर? मी ओरडले, "कुणी हाय का?" कुणीच न्हाय.

काकांचा हात धरला, तर गार पडलेला. बोलणार तरी काय? दोघांना कळणारे शब्द गेममधलेच. मी म्हटलं, "काका, कॉर्नर." ते कसेबसे म्हणाले, "गोल." मी म्हटलं, "ऑफसाइड!" ते चिडले, "नो! गोल!" चिडतायत म्हणजे जिवंत हायत, तेवढाच मला धीर.

वीस मिनिटांनी दार उघडलं. वेळेत पोचलो न्हाय म्हणून दोघंही बाद झालो होतो. डॉक्टर धावत आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "त्रास कुणाला होतोय?"

काकांनी माझ्याकडं बोट दाखवलं, मी काकांकडं.

डॉक्टरांनी दोघांची नाडी बघितली, दोन्ही सुसाट पळत होत्या, आणि मला म्हणाले, "दोघंबी झोपा हितं."