अख्खी भेंडी

— मंगळवार होता तो, पोरी, अगदी साधा मंगळवार, ना सण ना सुटी. मी परसात चवळी चोळत बसले होते, सालं पाण्यावर तरंगत होती, हात कोपरापर्यंत ओले, आणि फोन वाजला. थांब, अशी कढईवर वाकू नकोस, तेल तापायचंय अजून. तो कांदा? तो खायचा नाही, तो तेलातच राहतो, तेल जळू देत नाही. बस त्या स्टुलावर. तू विचारलंस म्हणून सांगते — आज जुळ्या संतांचा दिवस, साल्वादोरच्या घराघरात कारुरू शिजतोय, दारं उघडी आहेत, कोणीही जावं आणि जेवावं, आणि ही एदलेउझा तेवढी रिबेराच्या कट्ट्यावर रोजच्यासारखी वडे तळत बसलीय, असं का? बरोबर विचारलंस. इथलं कोणी विचारत नाही. इथल्यांना वाटतं, त्यांना माहीत आहे.

तर फोन. भाचीचा होता, साओ पावलोहून. म्हणाली, मावशी, आई गेली. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या गेली, मशीनचं चाक फिरतच होतं म्हणे. निल्देते — माझी धाकटी बहीण. मी काय केलं असेल? चवळी चोळली. उरलेली सगळी चोळून झाली, धुऊन झाली, मग उठले. भिजलेली चवळी टाकून कशी द्यायची? त्या दिवशीचे वडे चांगले झाले होते, हा जोस्वाल्दो सांगेल — तो बघ, शहाळीवाला. ऐकत नसल्यासारखा उभा आहे, पण सगळं ऐकतो. मला म्हणतो, एदी, तुझ्याकडे वडा एक आणि गोष्टी चार. म्हणू दे.

निल्देते तीस वर्षं तिकडे, पण दर सप्टेंबरला इथे यायचीच. दोन दिवस बसमध्ये, आल्यावर पाय सुजलेले, आणि तोंडाला कुलूप नाही. गेल्या वर्षी मारिनाल्वाकडे कारुरू होता, माझ्या शेजारणीकडे. रीतीप्रमाणे आधी सात पोरं जमिनीवर बसून एका परातीत हातानं जेवली, मग आम्ही मोठे. आता कारुरू म्हणजे काय, तर भेंडी. बारीक चिरलेली, ढीगभर, सोडे घालून, शेंगदाणे घालून, लाल तेलात शिजवलेली. पण पातेल्यात सात भेंड्या अख्ख्या सोडतात. अख्खी भेंडी ज्याच्या ताटात येईल, पुढच्या वर्षीचा कारुरू त्यानं घालायचा. पळवाट नाही. संतांनीच बोट दाखवलं म्हणायचं. लोक घास घेण्याआधी चमच्यानं कसे चाचपतात, बघायला हवं तू — वरून हसतात आणि आतून भेदरलेले.

तिखट घालू? जरासं? तुझं जरासं वेगळं आणि आमचं वेगळं, मी तुझ्या हिशेबानं घालते.

हं. तर निल्देतेच्या ताटात निघाली. ती उठलीच, भेंडी देठाला धरून वर केली, आणि म्हणाली, पुढच्या वर्षी माझ्याकडे. तिचं घर तरी आहे का इथे? माझंच घर. पण खूश किती. मग दर रविवारी फोन — एदी, पाचशे भेंड्या पुरतील का? एदी, हजार घेऊ. एदी, पल्याडच्या गल्लीतल्या म्हातारीला बोलवायचं, विसरू नकोस. बसचं तिकीट मार्चमध्येच काढून ठेवलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवले, पण मी तिला कशासाठीही असं नाचताना पाहिलं नव्हतं.

आणि ती भेंडी माझी होती.

माझ्या ताटात आली होती, पोरी. भाताखाली. मी आधी दोनदा कारुरू घातलाय, माझे गुडघे असे, पहाटे चारला उठून रोज चवळी — मला नको होतं. निल्देते पाणी घ्यायला वळली आणि मी चमच्यानं अलगद तिच्या ताटात सरकवली. एवढंच. जोस्वाल्दो, तू आपली शहाळी बघ. हे त्यालाही सांगितलं नव्हतं मी. तुलाच का सांगतेय कोण जाणे, तू उद्या विमानात बसशील म्हणून असेल.

तिला कळलं नव्हतं म्हणतेस? मलाही तसंच वाटायचं. शेवटच्या रविवारी फोनवर म्हणाली, एदी, या वर्षी तू नुसतं बसून जेवायचं, कशाला हात लावायचा नाही. आणि मग हसून म्हणाली, "भेंडीला पाय नसतात, एदी, एवढं मला कळतं." रागानं नाही, अगदी लाडानं. मी काय म्हणाले? म्हणाले, तेल तापलंय, ठेवते. तेल तापलं नव्हतं.

आता मारिनाल्वा म्हणते, बहिणीचा शब्द तू पुरा कर. गल्लीतले सगळे म्हणतात, एदी घालणार, केवढं मन बघा. कोणी म्हणालं, स्वर्गातून निल्देते बघेल. बघेलच. मी परातीपाशी उभी राहून लोकांचं कौतुक ऐकून घेताना बघेल. घालायचा तर आधी सगळ्यांसमोर सांगावं लागेल, भेंडी कोणाची ते. सात पोरं बसण्याआधी. ते तोंडातून निघत नाही. तुझ्यासमोर निघालं, मारिनाल्वासमोर निघत नाही. तरी काल बाजारात गेले होते, भेंडीचं पोतं उचलताना भाजीवाल्यानं विचारलं, कारुरू का? मी हो म्हणाले.

हं, घे. कागद खालून धर, तेल ओघळतं. आधी फुंकर मार, फोटो मग. बघ, दुपार कलली, मागे चार माणसं उभी आहेत आणि मी बोलत सुटलेय. जा आता, जा. तिकडे कोणाचं तरी दार उघडं असेल, आत जा, ताट देतील, कोण म्हणून विचारणार नाहीत.

माझ्याकडे येऊ नकोस. हजार भेंड्या घरी टेबलावर आहेत, ओल्या फडक्याखाली. एकही चिरलेली नाही.