शनिवारी मिळेल

नाही गं पोरी, पडलाबिडला नाही — आपोआप बंद पडला. म्हणजे, अगदी आपोआप नाही, मी उघडला होता. दुरुस्तीचं दुकान तुझं असलं म्हणून अशी बघू नकोस, अर्ध्या बेनिन शहराचे जनरेटर या हातांनी चालू केलेत, लॅपटॉपचं काय एवढं? उयी, माझा मुलगा, दिवसभर यावर गेम खेळतो. खेळेना का, घरात तरी असतो. परवा हरला आणि म्हणाला, पप्पा, हा प्रोसेसर म्हणजे गोगलगाय, या गावात सगळंच गोगलगाय, मी चाललो. म्हटलं, जातोस कुठे, नवा प्रोसेसर मी बसवतो. व्हिडिओ बघितला की मी — तो माणूस एक स्क्रू फिरवतो, चिप अलगद उचलतो, दुसरी ठेवतो, झालं. यात तो स्क्रूच नव्हता. मला वाटलं, इंजिनातल्या जुन्या गॅस्केटसारखी चिकटून बसली असेल. गॅस्केट कसं सोडवतात? गरम करून. मग — बायकोची इस्त्री. हो, इस्त्री. हस. आणि खालून पेचकस घातला. निघाली ना! निघाली, पण खालचं तांबंसुद्धा उपटून घेऊन आली.

काय? ही बोर्डाला सोल्डर करूनच बसवलेली असते? सुटी चिप फक्त जुन्या मशिनात? बरं. आता कळून काय उपयोग.

तो चाललो म्हणाला ते कुठे, हे काय विचारतेस — शुक्रवारी एजंटची गाडी आहे, उत्तरेला कानोला, तिथून वाळवंट, मग लिबिया, मग होडीनं युरोप. शेजारचा एफोसा तसाच गेला. त्याची आई अजून रोज फोन चार्ज करते, त्याचा फोन येत नाही तरी. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते. आणि त्याला घरात धरून ठेवणारी एकच वस्तू होती, ती मीच इस्त्रीखाली घातली.

होणार नाही म्हणतेस? नको करूस. नुसतं म्हण, शनिवारी मिळेल. खोटं कसलं त्यात, शनिवार काय येणार नाही? हा लॅपटॉप टाकून तो जायचा नाही — जाईल? नाही जायचा, मी ओळखतो त्याला. असाच उघडा राहू दे टेबलावर — थांब, तोच येतोय. तू बोल हं, मी गप्प बसतो.

ये रे उयी, ये. ही म्हणते शनिवारी — पाठीला बॅग कशाला लावलीस? अरे, आज गुरुवार आहे.