पाय कुठं होता, ते आधी विचार

पहिलं नाव सुमनसिस्टरचं लिहा, माझं मागनं लिहिलं तरी चालेल. सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेली नर्स, जव्हारला एकटी राहायची, तिनं मला मागची खोली दिली, जेवायला हाक मारली, नि पुढं जे काय मी शिकले ते तिच्या ओट्यावर बसून शिकले. झालं काय ते सांगतेच, पण तिचं नाव आधी आलं पाहिजे, नायतर मला घास जायचा नाय.

मी कुसुम, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यातली. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याला उतरायचं म्हंजे अर्धा दिवस जातो, आयस, म्हंजे आई, आजारी पडली तवा पाण्याला कोण जाणार, म्हणून आठवीत माझी आश्रमशाळा सुटली, ती सुटलीच. मंग बास, म्हंजे माझा बाप, मोखाड्याच्या बाजारातनं ऐकून आला, जव्हारला दाताचा डॉक्टर आलाय, त्याला झाडायला नि नाव पुकारायला पोरगी पाहिजे. मी गेले. तुम्ही म्हणाल सूर्यमाळ ते जव्हार काय लांब, पण एसटी चुकली की लांबच असतं, नि मला सणाशिवाय घर दिसायचं नाय. आणि भीती फार. फोन वाजला की भीती, कोण मोठ्यानं बोललं की भीती, डॉक्टरसाहेबांनी नुसतं कुसुम म्हटलं तरी वाटायचं, झालं, आता घरी पाठवतात.

साहेब नाशिकचे, माणूस चांगला, खोटं कशाला बोलू. त्यांनी एक नवंच काम काढलं. इकडच्या मास्तर लोकांच्या पतपेढीनं सगळ्यांचा अपघाताचा विमा काढला होता, पडून-आपटून दात तुटला तर खर्च कंपनी देणार, त्याचे कागद दवाखान्यानं करायचे. ते करणारी बाई लग्न होऊन गेली, मंग साहेब म्हणाले, कुसुम, तुझं अक्षर बरं आहे, विमा आता तू बघ. म्हटलं साहेब, माझी आठवी पण पुरी नाय. म्हणाले, पॉझिटिव्ह राहायचं. भिंतीवर त्यांनी एक चित्र लावलं होतं, गोरी बाई हसतेय, दात सगळे सारखे. तिला काय जातंय पॉझिटिव्ह राहायला, तिला कुठं कंपनीला फोन लावायचाय.

काय सांगू तुम्हाला, त्या कामाचा मला इतका राग. माणूस समोर तोंड धरून बसलाय, रुमाल लाल झालाय, नि मी विचारतेय, पूर्ण नाव सांगा, कामाचं ठिकाण सांगा. नि एवढं करून वरनं कंपनीचं उत्तर काय, तर दात आधीच किडका असावा. असावा! तुम्ही बघितला? एकदा विचारलं, हे गृहस्थ तंबाखू खातात का. अहो खातात, पण तंबाखूनं मोटारसायकल घसरत नाय.

तशात भोये गुरुजींचं झालं. गुरुजी जामसरच्या बाजूच्या एका पाड्यातले, शाळेत मास्तर. आमच्या भागात बोहाडा असतो, तो तुम्हाला सांगितला पाहिजे. देवादिकांचे मुखवटे तोंडाला बांधून संबळाच्या तालावर नाचतात, नि कोणता मुखवटा कुणी घ्यायचा तो घराघराचा मान असतो. गुरुजींच्या घराण्याकडं देवीचं सोंग, आज्यापासून. लाकडाचा मुखवटा, वजनदार, घेणारा आधी उपास धरतो, पायात चप्पल नाय घालत. त्या वर्षी शेवटच्या दिवशी सकाळी देवीचं सोंग नाचत देवळाकडं निघालं नि गुरुजी पडले. तोंडावर. पुढचे दोन दात तुटले, ओठ फाटला. पण उठले, ओठातनं रक्त चाललेलं तसेच देवळापर्यंत नाचत गेले, मुखवटा उतरवला, नि मंग जीपमधनं आमच्याकडं आले.

मी विचारलं, गुरुजी, दात कशानं तुटले? म्हणाले, देवीनं घेतले. मी तसंच लिहिलं. आमच्याकडं तसंच म्हणतात, मला त्यात काय वावगं वाटणार?

कंपनीनं चौकशीला माणूस धाडला. इस्त्रीचा शर्ट, चहा दोनदा प्याला. गुरुजींना समोर बसवलं नि म्हणाला, काय मास्तर, देवीनं घेतले का? मंग देवीचा पत्ता द्या, तिला नोटीस काढू, दात परत मागू. नि हसला. डॉक्टरसाहेबांना पण हसू आलं थोडं, मी बघितलं. दोन दात गेलेला माणूस शब्द काढायला लाजतो, स म्हणायला गेला की नुसता वारा येतो, वर्गात पोरं हसायला लागली होती. गुरुजी रुमाल तोंडावर धरून उठले नि बाहेर जाऊन बसले. तो माणूस म्हणाला, एक तर अपघात झाला म्हणा, मुखवटा लागून दात तुटले असं लिहून द्या, नायतर मी फाइल बंद करतो.

साहेब बाहेर जाऊन गुरुजींना म्हणाले, अहो द्या ना लिहून, तुमचेच दात येणार आहेत. गुरुजी म्हणाले, डॉक्टर, मुखवटा लागला म्हंजे देवीनं मारलं असं मी कंपनीच्या कागदावर सही करून सांगू? नि पुढच्या वर्षी ती कुठल्या तोंडानं घेऊ? चुलत भाऊ टपलेलाच आहे, सोंग त्याच्या घरी जाईल. राहू द्या, मी बोळका बरा.

मला इतकं लागलं ते. दात पाहिजे तर मान सोड, मान पाहिजे तर बोळका राहा, हा कुठला न्याय? आणि भीती पण होतीच, खोटं नाय सांगत, साहेब म्हणतील, हिला काय जमत नाय.

घरी आले ती रडतच. सिस्टर ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हटलं, सिस्टर, मला नको हे विम्याचं, मी जाते सूर्यमाळला पाणी भरायला. ती म्हणाली, बाय, आधी नाक पूस. मंग सगळं ऐकलं, नि म्हणाली, तुझा तो इस्त्रीवाला मूर्ख, पण तू पण चुकीचं विचारलंस. कशानं तुटले असं काय विचारतेस? ते गुरुजींचं नि देवीचं आहे, तुला काय करायचंय. आमच्या दवाखान्यात लोक यायचे, कुणाला चेटकीनं ढकललेलं, कुणाला म्हसोबानं झोडपलेलं. मी कधी नाय म्हटलं नाय, हसले पण नाय. मी विचारायची, पाय कुठं होता? हात कुठं होता? कुठल्या अंगावर पडलास? तेवढं लिहायची, टाके घालायची. तू पाय कुठं होता ते आधी विचार.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून जीपनं पाड्यावर गेले. गुरुजी म्हणाले, पुन्हा तेच असेल तर चहा पी नि जा, पोरी. म्हटलं, नाय गुरुजी, मला एवढंच दाखवा, पडायच्या आधी तुमचा पाय कुठं होता? ते उठले, मला देवळाकडं नेलं नि पायरीपाशी पाऊल टाकून दाखवलं, हा उजवा इथं, डोळ्याची भोकं लहान असतात त्यातनं खालचं दिसत नाय, ही पायरी उचललेली, बोट अडकलं. संबळ वाजवणारा सोमा पण आला, म्हणाला, मी पुढंच होतो, गुरुजी गुडघ्यावर नाय, सरळ तोंडावर गेले. मी तिथंच दगडावर बसून लिहिलं: उजवा पाय पायरीला अडकला, तोल गेला, तोंडावर पडले. मुखवट्याचं नावच काढलं नाय. गुरुजींनी वाचलं. म्हणाले, पाय माझा होता. माझ्या पायाला मी खुशाल दोष देईन. पण खाली लिही, हे देवीनं घेतले. मी लिहिलं, असं का झालं याबद्दल गुरुजी म्हणतात की देवीनं घेतले. त्यांनी सही केली, सोमानं अंगठा उठवला, नि साहेबांनी एक्सरे जोडला, मुळं चांगली होती, कीड नाय.

कंपनीचा फोन आला. तोच माणूस. पायाचं ठीक आहे, खालची देवीची ओळ काढून परत पाठवा. काय झालं मला माहीत नाय, पण आवाज चढला. म्हटलं, काढणार नाय. पाय अडकला हे तुम्हाला पाहिजे होतं, ते दिलं. ती ओळ गुरुजींची आहे, त्यात तुमचं काय जातं? तुम्ही दाताचा खर्च द्या, देवीचं आम्ही बघतो. साहेब मशीन बंद करून ऐकत होते. मला वाटलं, गेली नोकरी. ते एवढंच म्हणाले, कुसुम, पुढचा पेशंट पाठव.

मंजूर झालं, ओळीसकट. गुरुजींनी दात बसवले नि पुढच्या वर्षी सोंग त्यांनीच घेतलं, मी बघायला गेले होते. मुखवट्याला आतनं त्यांनी मऊ कापड लावलंय, त्याबद्दल ते काय बोलले नाय, मी पण विचारलं नाय.

तवापासनं मी हे काम मनापासनं करते. साहेब पाहुण्यांना सांगतात, आमची कुसुम किती पॉझिटिव्ह. असू दे. पण माझा राग काय गेला नाय. ज्या माणसाला कुणी हसलं त्याचं म्हणणं नीट कागदावर मांडायचं नि कंपनीच्या टेबलावर आदळायचं, याला पॉझिटिव्ह म्हणत असतील तर मी आहे.

आता सिस्टर थकली. तिला स्वतःला वरचा एक पण दात नाय, भाकरी दुधात कालवून खाते. मी कंपनीला विचारून बघितलं होतं, तिचं काय होईल का. म्हणाले, म्हातारपण हा अपघात नाय. बघा म्हंजे. सिस्टर हसली, म्हणाली, बाय, या वेळी पाय कुठं होता विचारू नकोस, जन्मभर सगळीकडं होता. मी तिला सांगितलंय, तुमच्यासमोर पण सांगते, तिची कवळी मी करून देणार, माझ्या पगारातनं, नि पहिली कडक भाकरी माझ्या हातची भाजून तिच्या ताटात वाढणार. कंपनीची एक सही नको मला त्याला.